पंप मोठा नको, हिशेब खरा हवा

वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे कूलरवाल्यांची कमाई आणि रंगीत माशांच्या दुकानदारांची परीक्षा. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले. शिकवणी वर्गांच्या वेळा बदलण्यात आल्या, कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे पुरवण्याचे आदेश निघाले. माणसांसाठी हे झाले, ते योग्यच झाले. काचेच्या टाकीत कोंडलेल्या जिवांसाठी मात्र असा आदेश कोणी काढत नाही. त्यांची सारी भिस्त एका लहानशा पंपावर असते, आणि तो पंप ज्याने विकला त्या दुकानदाराच्या शब्दावर असते.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत, तसेच अचलपूर-परतवाडा, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर यांसारख्या गावांतही रंगीत माशांचा धंदा आता केवळ शौकिनांपुरता राहिलेला नाही. टाक्या जोडणारे काचवाले, लोखंडी स्टँड करणारे वेल्डर, पंप-फिल्टर विकणारे दुकानदार आणि ते दुरुस्त करणारे मोटार-वाइंडिंगचे मिस्त्री अशी मोठी साखळी त्यावर पोट भरते. या साखळीत आपले अनेक बांधव आहेत. म्हणूनच या पानावर आम्ही आज या पंपाचा, त्याच्या विजेचा आणि लाईट गेल्यावर लागणाऱ्या बॅटरीचा हिशेब मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: आधी विजेचा भार कमी करा, मग बॅटरी घ्या; आणि ग्राहकाला पंप विकताना तो किती वॅट खातो व बॅटरीवर किती तास चालेल, हे तोंडी न सांगता बिलावर लिहून द्या.

लाईट गेल्यावर काय होते?

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो आणि ३५ अंशांना सात मिलिग्रॅमवर. दुसरीकडे, गरम पाण्यात माशाच्या शरीराची गरज वाढत जाते. साधारणपणे दर दहा अंशांमागे ती दुप्पट होते. म्हणजे उत्पन्न घटते आणि खर्च वाढतो. अशी स्थिती आली की दुकान किती दिवस चालेल, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पंप चालू असतो तोपर्यंत पाण्याचा पृष्ठभाग हलत राहतो आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत राहतो. पंप थांबला की ही आवक जवळजवळ बंद होते. घरच्या मोठ्या टाकीत चार मासे असतील तर काही तास निभावून जाते. दुकानातल्या टाकीत मात्र एकेका फुटात पन्नास-साठ मासे दाटीने ठेवलेले असतात. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे तासा-दोन तासांत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. फायटर व गुरामी यांना वरची हवा घेण्याची सोय निसर्गाने दिलेली आहे, ते तग धरतात. गोल्डफिश व कोई यांसारखे थंड पाण्याचे मासे आधी जातात. शहाणा दुकानदार म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत गोल्डफिशचा मोठा माल मागवत नाही.

हा माल येतो कुठून, तेही लक्षात घेतले पाहिजे. रंगीत माशांची मोठी पैदास कोलकात्याच्या परिसरात आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात होते. प्राणवायू भरलेल्या पिशव्या, त्यावर थर्माकोलचे खोके, आणि मग लांबचा प्रवास. इतके सांभाळून आणलेला माल आपल्या दुकानात दोन तास लाईट गेल्यामुळे मरत असेल, तर नुकसान केवळ माशाच्या किमतीचे होत नाही. भाडे, मजुरी आणि ग्राहकाचा विश्वास हे सर्व त्यासोबत बुडते.

पूर्वी वेळापत्रक तरी होते

भारनियमनाचा अनुभव वऱ्हाडाला नवा नाही. २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, त्याच सुमारास विजेची टंचाई टोकाला गेली होती. पुढची सात-आठ वर्षे ग्रामीण भागाने दिवसाचे कित्येक तास अंधारात काढले. २०१२ च्या अखेरीस राज्याच्या बहुतांश भागातले नियमित भारनियमन थांबवण्यात आले. वीजगळती व थकबाकी जास्त असलेल्या फीडरवर मात्र ते चालू ठेवले गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईने काही भागांत पुन्हा भारनियमन आले.

गंमत अशी की अकोला जिल्ह्यातच पारसला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे आणि अमरावतीजवळ नांदगावपेठेला १३५० मेगावॅटचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अर्थात, वीज तयार झाली की ती सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाते, शेजारच्या गावाला आधी मिळत नाही. तेव्हा या तक्रारीत फारसा अर्थ नाही.

परंतु एक फरक व्यापाऱ्याने ओळखला पाहिजे. भारनियमनाला वेळापत्रक असायचे. सकाळी अमुक ते तमुक लाईट नाही, हे ठाऊक असे आणि दुकानदार तशी तयारी ठेवत असे. आता लाईट जाते ती न सांगता जाते. मे महिन्यातले वादळ, तारेवर पडलेली फांदी, एकाच वेळी सुरू झालेल्या कूलर-एसीच्या भाराने जळालेला ट्रान्सफॉर्मर, यांना वेळापत्रक नसते. रात्री दोन वाजता दुकान बंद असताना लाईट गेली तर बटण दाबायला कोणी नसते. म्हणून आजच्या काळात बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा ती आपोआप सुरू होते की नाही, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

युनिटचा हिशेब

आता विजेकडे वळू. हिशेब सोपा आहे. पंपावर लिहिलेले वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, त्याला एक हजाराने भागले की महिन्याचे युनिट निघतात. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटचा दर आम्ही १० रुपये धरला आहे. प्रत्येकाने आपल्या बिलावरचा प्रत्यक्ष दर घालून पाहावा.

घरातली दोन फुटी टाकी घ्या. तिला ३ वॅटचा हवेचा पंप लावला तर महिन्याला २ युनिटांहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे २२ रुपये. त्याऐवजी पाण्यात बुडवायचा १५ वॅटचा फिल्टर लावला तर जवळपास ११ युनिट, म्हणजे १०८ रुपये. दोन्ही चांगले चालतात. घरच्या ग्राहकाला हा फरक फार बोचणार नाही, पण त्याला तो माहीत असावा.

दुकानात हाच फरक वर्षाचा नफा ठरवतो. समजा, दुकानात चाळीस टाक्या आहेत आणि प्रत्येकीत १२ वॅटचा बुडवायचा फिल्टर आहे. एकूण भार ४८० वॅट झाला. दिवसाला साडेअकरा युनिट, महिन्याला सुमारे ३४५ युनिट, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या घरात बिल. आता हीच चाळीस टाक्यांची रांग एकाच ८० वॅटच्या ब्लोअरवर घ्या. भिंतीवरून पाइप फिरवा, प्रत्येक टाकीत स्पंज फिल्टर ठेवा आणि नळीला बारीक कॉक लावा. महिन्याचे युनिट ५७ ते ५८ होतात, बिल पावणेसहाशे रुपये. महिन्याला सुमारे २,८८० रुपये आणि वर्षाला साडेचौतीस हजार रुपये वाचले. मालाची विक्री एक पैशाने न वाढवता वाचलेली ही रक्कम आहे. लहान दुकानदाराला तिच्यात नोकराचे दोन-तीन पगार दिसतील.

या पद्धतीला एकच धोका आहे. ब्लोअर बंद पडला तर सगळ्या टाक्या एकदम बंद पडतात. म्हणून दुसरा लहान ब्लोअर जोडून तयार ठेवावा, आणि हवेच्या पडद्याचा म्हणजे डायफ्रामचा एक जोड दुकानात असावा. ही किंमत देऊनही बचत मोठीच राहते.

पंप किती वॅट खातो हे खोक्यावरून न ठरवता मीटरवरून ठरवावे. त्यासाठी प्लगमध्ये बसणारे लहान वॅट-मीटर बाजारात मिळते. तेही नको असेल तर दुकानाच्या मीटरवरचा लाल दिवा पुरतो. मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते लिहिलेले असते. समजा ३२०० आहे. बाकी सर्व बंद करून फक्त पंप चालू ठेवा आणि पाव तासात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. सोळा वेळा लुकलुकला तर पंप २० वॅटचा आहे. शाळकरी मुलालाही जमेल अशी ही तपासणी आहे.

मोठ्या पंपाची भूल

ग्राहक दुकानात आला की मोठा पंप मागतो आणि दुकानदारालाही मोठा पंप विकण्यात फायदा दिसतो. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे.

पाण्यात बुडालेला पंप जितकी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात जाते. दोनशे लिटरच्या टाकीत ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला आणि ती उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले, तर पाणी चार अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता काचेतून व वाफेतून निघून जाते, तरी उन्हाळ्यात अंश-दोन अंशांचा फरक माशाच्या जिवावर बेतू शकतो. नाशिक-पुण्याच्या हवेत खपून जाणारी ही चूक अकोल्यात खपत नाही. हवेचा पंप मात्र पाण्याबाहेर बसतो, त्याची उष्णता बाहेरच राहते, आणि त्याच्या बुडबुड्यांनी पाणी थोडे थंडही होते. पाणी फारच तापत असेल तर आणखी मोठा पंप घेण्याऐवजी टाकीचे झाकण काढून तिच्यावर लहान पंखा लावावा. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने टाकीही दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र आटणारे पाणी रोज भरावे लागते.

दुसरी गोष्ट खोक्यावरच्या आकड्यांची. फ्रिजला, पंख्याला वीजबचतीचे तारे असतात. माशांच्या पंपाला असा सरकारी तारा नाही. खोक्यावर ताशी अमुक हजार लिटर असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तो आकडा बहुधा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. तेच पाणी दोन फूट वर नेऊन फिल्टरमधून काढले की आकडा निम्म्यावर येऊ शकतो. दुकानदाराला हे ठाऊक असते, ग्राहकाला नसते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या राशीत हात घालून पाहतात, आत ओल लागते, आणि ते व्यापाऱ्याला विचारतात की ओले धान्य वर का ठेवले नाही, हा प्रसंग आपण मशिदीत अनेकदा ऐकला आहे. पंपाचे खोके ही आजची रास आहे. आतली ओल कोणती, हे विकणाऱ्याला माहीत असते. पवित्र कुरआनातील सूरह अल-मुतफ्फिफीन माप मारणाऱ्यांविषयी आहे. माप फक्त तराजूचेच असते, असे समजण्याचे कारण नाही. वॅट, लिटर आणि बॅटरीचे तास हीही मापेच आहेत.

बॅटरी कोणाला किती?

बॅटरीच्या बाबतीत आमचे व्यापारी दोन टोकांना जातात. एक तर काहीच ठेवत नाहीत, नाही तर गरज नसताना ग्राहकाच्या गळ्यात मोठा इनव्हर्टर मारतात. गरजेप्रमाणे तीन प्रकार केले पाहिजेत.

पहिला प्रकार एका टाकीचे घर. येथे इनव्हर्टरची गरजच नाही. लाईट गेली की आपोआप सुरू होणारा, आत लहान बॅटरी असलेला हवेचा पंप मिळतो. तो नसेल तर मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारा दीड वॅटचा पंपही चालेल. १०,००० मिलिअँपिअरची पॉवर बँक असा पंप पंधरा तासांच्या वर ओढू शकते. मात्र काही पॉवर बँका फार कमी करंट ओढला गेला की स्वतःहून बंद होतात. म्हणून विकण्यापूर्वी दुकानात तासभर चालवून दाखवावे. घरात आधीच इनव्हर्टर असेल तर पंपाचा प्लग त्या लाइनवर घ्यावा, नवीन काही विकू नये.

दुसरा प्रकार आठ-दहा टाक्यांचा शौकीन किंवा लहान दुकानदार. त्याच्यासाठी वऱ्हाडात एक सोपा मार्ग आहे. कपाशी-सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या पाठीवरच्या पंपात १२ व्होल्टची, ८ ते १२ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती गावोगाव मिळते आणि ती दुरुस्त करणारा मिस्त्रीही मिळतो. ८ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले, तरी १२ व्होल्टचा ५ वॅटचा हवेचा पंप ती नऊ तासांच्या आसपास चालवते. चार्जर व लहान रिले लावून लाईट जाताच पंप बॅटरीवर जाईल, अशी जोडणी कुशल कारागीर सहज करतो.

तिसरा प्रकार मोठ्या दुकानाचा. येथे वरचा भार कमी करण्याचा मुद्दा पुन्हा उपयोगी पडतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात. शिसे-आम्लाची बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे हाती ९०० राहिले. इनव्हर्टर त्यातला काही हिस्सा स्वतः खातो. चाळीस बुडव्या फिल्टरांचा ४८० वॅटचा भार या बॅटरीवर जेमतेम दीड तास चालेल. ८० वॅटचा ब्लोअर आठ तासांच्या आसपास चालेल. बॅटरी तीच, पैसे तेच. भार घटवल्याने दीड तासाचे आठ तास झाले, म्हणजे रात्रभराची सोय झाली. जो दुकानदार भार न घटवता दुसरी-तिसरी बॅटरी जोडतो, तो फुटक्या माठात पाणी भरतो.

इनव्हर्टर साइन वेव्हचाच घ्यावा. चौकोनी लाटेच्या स्वस्त इनव्हर्टरवर चुंबकाचे पंप घरघर करतात व तापतात. बॅटरी कुठे ठेवता हेही महत्त्वाचे आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. त्यापुढे दर आठ-दहा अंशांनी ते जवळपास निम्मे होत जाते. टिनाच्या पत्र्याखाली, दुपारच्या उन्हात ठेवलेली बॅटरी वर्ष-दीड वर्षात बसली तर कंपनीला दोष देऊ नये. ती जमिनीलगत, हवेशीर सावलीत ठेवावी आणि उन्हाळ्यात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी.

गच्चीवर सोलर बसवलेल्या बांधवांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महावितरणच्या लाइनला जोडलेला, बॅटरी नसलेला सोलर लाईट गेली की स्वतःही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था असते. तेव्हा सोलर आहे म्हणून मासे सुरक्षित, असे समजू नये.

कारागिरांसाठी बारमाही काम

या विषयात कारागिरांचा लाभ आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. कूलरमधला बुडवायचा पंप आणि टाकीतला पंप यांची रचना बहुतांशी एकच आहे: बंद वेटोळे, चुंबकाचा रोटर आणि पाणी फेकणारी पाती. कूलरचा मिस्त्री मार्च ते जून राबतो आणि पुढे आठ महिने किरकोळ कामावर काढतो. माशांचे पंप मात्र बारा महिने चालतात आणि बारा महिने बिघडतात.

त्यात आपल्याकडे खारपाणपट्ट्याची भर आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातले बोअरचे पाणी खारट. इतरत्रही बोअरचे जड पाणी रोटरवर, पात्यावर चुन्याचा थर चढवते. थर चढला की पंप तीच वीज खाऊन कमी पाणी फेकतो आणि लाईट जाऊन परत आली की अडकून बसतो. नुसता गुंजन करणारा, न फिरणारा पंप तापून जळतो. हा पंप फेकून नवा विकण्यापेक्षा रोटर काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ धुतला, झिजलेला दांडा बदलला, तर तो पुन्हा वर्षभर चालतो. दर तीन महिन्यांनी घरी जाऊन पंप साफ करणे, बॅटरी तपासणे आणि लाईट बंद करून पाहणे, याचा वार्षिक करार करावा. पंचवीस-तीस घरे बांधली गेली तरी एका तरुणाची बारमाही रोजी उभी राहते. हे काम मोठे भांडवल मागत नाही, हातातले कसब व वेळेवर जाण्याची सवय मागते.

मिस्त्रीने जोडणी करताना पाच गोष्टी पाळाव्यात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत उलट न येऊ देणारा वॉल्व्ह घालावा, नाही तर लाईट जाताच पाणी उलटे वाहून पंपात शिरते. वायर प्लगपाशी येण्यापूर्वी खाली झोळासारखी सोडावी, म्हणजे ओघळणारे थेंब प्लगमध्ये जात नाहीत. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच यांत काटकसर करू नये. पाणी व वीज जिथे एकत्र, तिथे ग्राहकाच्या लेकराचा हात जातो. लाईट गेल्यावर माशांना खाणे टाकू नये. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल, तर आतले सडलेले पाणी ओतून देऊनच तो सुरू करावा.

"मेला तर नवा घेईल"

आमचे काही बांधव खाजगीत म्हणतात, ग्राहकाचा मासा मेला तर तो पुन्हा आपल्याकडेच येईल, धंदा वाढेल. व्यापाराच्या दृष्टीनेही हे खरे नाही. ज्याची टाकी दोनदा मरते तो तिसऱ्यांदा मासे घेत नाही. रिकामी टाकी गच्चीवर नेऊन ठेवतो आणि शेजाऱ्यालाही या नादी लागू नको म्हणून सांगतो. ज्याची टाकी दोन वर्षे टिकली तो दुसरी मोठी टाकी घेतो, खाद्य घेतो, वनस्पती घेतो. धंदा त्याच्यावर उभा राहतो.

दीनच्या दृष्टीने तर हे बोलणेच गैर आहे. मांजरीला कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण जाणतो. तिचा गुन्हा असा की तिने त्या जिवाला खायलाही दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. काचेत ठेवलेला मासा याहून अधिक परावलंबी आहे. नदीतला मासा उन्हात खोल डोहात जातो. टाकीतल्या माशाला डोह नाही. जो त्याला विकतो आणि जो पाळतो, त्या दोघांकडे तो अमानत आहे. आणि विजेच्या बाबतीत उधळपट्टीची मनाई जशी पाण्याला, अन्नाला लागू आहे, तशीच ती युनिटलाही लागू आहे.

खर्चाचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. ब्लोअर, पाइप व स्पंज फिल्टर एकदम घेणे लहान दुकानदाराला जड जाते. त्याने दहा-दहा टाक्या बदलत जावे. पहिल्या दहा टाक्यांची बचत पुढच्या दहांचा खर्च भरून काढू लागते. दोन-चार दुकानदारांनी मिळून ब्लोअर व बॅटऱ्या घाऊक मागवल्या तर भावही उतरतो. अकोला व अमरावतीचे व्यापारी एकमेकांना स्पर्धक समजतात, पण घाऊक खरेदीत ते भागीदार होऊ शकतात.

आमची सूचना

अमरावती व अकोल्याच्या व्यापारी बांधवांना आमची एकच सूचना आहे. प्रत्येक पंपाच्या बिलावर तीन आकडे लिहा: स्वतः मोजलेले वॅट, महिन्याचे युनिट आणि सोबत दिलेल्या बॅटरीवर चालणारे तास. त्याखाली दुकानाचा शिक्का व सही असू द्या. हे लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि एक पैसा खर्च येत नाही. सुरुवातीला ग्राहक आश्चर्य करेल. नंतर तो दुसऱ्या दुकानातही हेच तीन आकडे मागेल आणि मग सगळ्या बाजाराला ते लिहावे लागतील.

सचोटीने मोजून देणाऱ्या व्यापाऱ्याच्या रोजीत अल्लाह बरकत देतो, यावर आपला विश्वास आहे. रात्री दोन वाजता, दुकानाचे शटर खाली असताना आणि वस्तीत अंधार असताना, ज्या टाकीतले बुडबुडे चालू राहतात तिच्या मालकाला तो पंप कोणी विकला हे बरोबर आठवते.